घटस्फोटाच्या अर्जाआधी जमवायचे कागद

घटस्फोटाचा निर्णय पक्का झाला असेल, तर लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला आणि आधारकार्ड यांच्या प्रती काढायला फारसा वेळ लागत नाही. खरी खटपट उत्पन्नाच्या पुराव्याची असते. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. नोकरदाराची पगारपावती असते, परंतु तासगाव-वाळव्याकडे घर द्राक्षबागेवर किंवा ऊसबिलावर चालत असेल, तर सातबारा आणि आठ-अ हे जमिनीच्या नोंदींचे उतारे काढावेत व बिल कोणत्या खात्यात जमा होते, हेही टिपून ठेवावे. (सातबारा ऑनलाइन पाहता येतो, त्यासाठी घरात कोणाकडे मागावा लागत नाही.) स्त्रीधनाच्या बाबतीत सराफाची पावती सापडत नसल्यास लग्नातले, दागिने स्पष्ट दिसणारे फोटो वेगळे काढून माहेरी ठेवावेत. हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नीला ती राहते तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो, त्यामुळे सासर मुंबईला आणि सध्याचा मुक्काम सांगलीत असलेल्या स्त्रीने मुंबईतच दावा लावायला हवा असे नाही. वकिलाची फी जड जात असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तेथे मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.