आजाऱ्याच्या घरी जाताना

वाड्यावरचं कुणी अंथरुणाला खिळलं की बहुतेक घरं पाद्रींना फार उशिरा बोलावतात. अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा कॅथलिक संस्कार, म्हटला की शेवटची घटका, ही भीती मनात घर करून असते. खरं तर गंभीर दुखणं किंवा मोठी शस्त्रक्रिया समोर दिसताच, माणूस शुद्धीत असतानाच तो घ्यावा. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. हा विषय घरच्यांपुढे काढायला धैर्य लागतं. आधी आजाऱ्यालाच हळू विचारा.

पाद्री येण्यापूर्वी उशाजवळ लहान टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी ठेवा. पंखा कमी करा, नाहीतर वाती विझतात. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्त्या मुळीच नकोत. तेल कपाळाला आणि तळहातांना लावतात, म्हणून बाह्या सैल हव्यात. कम्युनियनआधीच्या (पवित्र भाकर घेण्याआधीच्या) एका तासाच्या उपवासाची सक्ती आजाऱ्याला नाही, त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही. गिळायला त्रास असेल तर आधीच सांगा. होस्तीचा, म्हणजे त्या पवित्र भाकरीचा, छोटा तुकडा पुरतो.

सेवा मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत लागते. 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की कुणी सांगत नाही. 'गुरुवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही झोपा' असं म्हणा. पेज नेताना मिठाचं पथ्य विचारा.

गोव्यातल्या बाणावलीचे संत जुझे वाझ 1697 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा पळाले नाहीत, रुग्णांना स्वतः जेवू घालत राहिले.