आयोवाच्या मक्यातून जाणारी मालगाडी टिपताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून जाणारी आयोवा इंटरस्टेट रेलरोडची लाईन म्हणजे जुन्या रॉक आयलंड रेल्वेचा मुख्य मार्ग. ती कंपनी १९८० मध्ये बंद पडली आणि १९८४ पासून आयोवा इंटरस्टेटच्या मालगाड्या तिथे धावू लागल्या. शिकागो परिसरापासून काउन्सिल ब्लफ्सपर्यंत, मका आणि इथेनॉलच्या मुलखातून. इथे फोटो बिघडतो तो क्वचितच कॅमेऱ्यामुळे. सूर्य, पीक आणि रस्ता आधी न पाहिल्यामुळे बिघडतो.

कायम दक्षिणेकडेच उभं राहणं. लाईन साधारण पूर्व-पश्चिम, म्हणून दक्षिण बाजू धरायची, हे सप्टेंबरअखेर ते मार्चपर्यंत बरोबर आहे. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही जेमतेम २५ अंश वर येतो, त्यामुळे दिवसभर ऊन तिरकं आणि सुंदर मिळतं. जूनमध्ये मात्र सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर सूर्य लाईनच्या उत्तरेला असतो. नेमक्या त्या चांगल्या उजेडात दक्षिणेला थांबलात, तर इंजिनाची अंधारातली बाजू हाती येते.

गेल्या वर्षीच्या जागेवर विसंबणं. इथे एकाच शेतात आलटून पालटून मका आणि सोयाबीन घेतात. गेल्या वर्षी सोयाबीन असलेल्या शेतात यंदा बहुधा मका असणार, आणि तो जुलैअखेर दोन मीटरच्या वर जातो. आपली नजर दीड-पावणेदोन मीटरवर. काठावर उभे राहिलात तर चाकंच काय, वाघिणीसुद्धा दिसत नाहीत. सॅटेलाइट नकाशावर हे कळत नाही. आदल्या दिवशी चक्कर मारून सोयाबीनचं शेत किंवा रूळ भरावावर असलेली जागा हेरावी. मका ऑक्टोबरात निघू लागला की रान मोकळं होतं. तेव्हा शेताच्या वाटेवर गाडी उभी करू नये, हार्वेस्टर आणि धान्याचे ट्रक तिथूनच वळतात.

एक्स्पोजर ऑटोवर सोडणं. समोरून येणाऱ्या हेडलाइटने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि काळं-लाल इंजिन आणखी काळवंडतं. मागे धान्य साठवणाऱ्या एलिव्हेटरची पांढरी काँक्रीट कोठारं असली तर हमखास. गाडी यायच्या आधीच मॅन्युअल लावावं: स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ २००, एफ/८, १/८००. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्यावा आणि गाडी जिथे टिपायची तिथल्या रुळावर आधीच बांधावा, नाहीतर तो पुढच्या गवतावर उडी मारतो.

उन्हाळ्यात दुपारी ३०० मिमी लेन्सने लांबून काढलेले फोटो लिबलिबीत येतात. तापलेल्या खडी-रुळांवरची हवा थरथरते, त्याला महागडी लेन्सही उपाय नाही. जवळ जाऊन लहान लेन्स वापरावी.

निघून गेलेली मालगाडी पुढच्याच क्रॉसिंगवर गाठू पाहणं. ग्रामीण रस्ते मैलामैलावर चौकोनी आखलेले आहेत. समांतर रस्ता रुळांपासून एक मैल लांब असेल, तर तिकडे जाणं आणि परत येणं मिळून दोन मैल जादा पडतात. मालगाडी ताशी ४० मैलांनी आणि तुम्ही सरासरी ५० मैलांनी गेलात, तर आठ मैलांवर जेमतेम बरोबरी होते. वीस मैल पुढची जागा धरली तर साडेतीन मिनिटं हातात राहतात. आणि ‘लेव्हल बी’ची पाटी दिसली की पावसानंतर त्या रस्त्याला वळूच नये: तिथे खडी नसते, नुसती माती असते आणि गाडी रुतते.

रुळांच्या दोन्ही बाजूंची पट्टी, साधारण ५० फुटांपर्यंत, रेल्वेची खासगी जमीन असते. सार्वजनिक रस्त्यावरूनच फोटो काढावेत. क्रॉसिंगवरच्या निळ्या पाटीवर आपत्कालीन फोन आणि त्या क्रॉसिंगचा क्रमांक असतो. रुळावर आपली मोटार अडकली तर आधी सगळ्यांनी उतरून रुळांपासून लांब जावं आणि मग फोन करून तो क्रमांक सांगावा. म्हणून थांबल्या थांबल्या त्या पाटीचाही एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.