महामारीत आयसीयूसाठी नर्सेस वाढवताय? या चुका टाळा

खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले, ऑक्सिजनची लाइन ओढून झाली, आणि मग कोणीतरी विचारतं, “सिस्टर किती लागतील?” पहिली चूक तिथेच होऊन गेलेली असते.

हिशोब कागदावर मांडा. दहा खाटा आणि दोन रुग्णांमागे एक नर्स, म्हणजे चोवीस तास पाच जणी हजर हव्यात. आठवड्याचे तास १६८. एकीची ड्युटी ४० तासांची धरली तर त्या पाच जागा भरायला २१ जणी लागतात. रजा, आजारपण, विलगीकरण धरलं की आकडा २६च्या आसपास जातो. आजारी कोणी पडणारच नाही असं धरून लावलेलं रोस्टर पहिल्याच आठवड्यात कोसळतं. २०२०मध्ये लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात सुमारे ४,००० खाटांपर्यंत वाढवता येईल असं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. पहिल्या लाटेत तिथे शंभराहूनही कमी रुग्ण दाखल झाले. त्यामागे इतरही कारणं होती, पण आयसीयूच्या नर्सेस पुरेशा न मिळणं हे त्यातलं एक होतं.

वॉर्डच्या नर्सवर एकटीवर व्हेंटिलेटर सोपवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर जरा थांबते. रात्रीचे तीन वाजलेत. नॉरॲड्रेनालिनची सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजतोय. हे औषध थांबलं की त्याचा असर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो आणि बीपी धाडकन खाली येतं. आयसीयूतली नर्स पुढची सिरिंज आधीच भरून, लेबल लावून ठेवते. वॉर्डातून कालच आलेली मुलगी अलार्म बंद करून औषध शोधायला निघते. यात तिचा दोष नाही. तिला हे कोणी दाखवलेलंच नसतं.

उपाय म्हणजे टीम. २०२०मध्ये अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिननेही अशीच उतरंड सुचवली होती: आयसीयूचा अनुभव असलेली माणसं देखरेखीला आणि त्यांच्या हाताखाली बाहेरून आलेली. व्हेंटिलेटर, रक्तदाबाची औषधं, सिडेशन (गुंगीची औषधं), श्वासाच्या ट्यूबचा कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा) हे अनुभवी नर्सकडे ठेवा. शुगर, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, नेहमीची औषधं, नोंदी ही कामं वॉर्डची नर्स उत्तम करते, ती तिला द्या. आणि अनुभवी नर्सला एकाच खाटेला बांधून टाकू नका. तिची नजर चार-पाच खाटांवर फिरती हवी. ती फाइल भरत बसलेली दिसली तर कामाची वाटणी चुकलीय असं समजा.

पीपीईत चेहरे ओळखू येत नाहीत. गाऊनवर मार्करने ठसठशीत लिहा: नाव, आणि खाली ‘आयसीयू’ किंवा ‘वॉर्ड’. अडचणीत हाक कोणाला मारायची ते नवख्या माणसाला लांबूनच कळतं.

दर वेळी पालथं करायला खाटेवरच्या नर्सेस ओढणं

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करायला पाच ते सात जण लागतात, आणि तसं सलग सोळा तासांच्या आसपास ठेवायचं असतं. खाटेवरच्या नर्सेस पालथं करायला गेल्या की तेवढा वेळ बाकीच्या खाटा उघड्या पडतात. फिजिओथेरपिस्ट, ऑपरेशन थिएटरचा स्टाफ यांची वेगळी टीम बांधा. रुग्णाच्या डोक्याशी, ट्यूब धरायला, मात्र अनुभवी माणूसच हवा.

बाहेर कोणी न ठेवणं

आतल्या नर्सला एक इंजेक्शन हवं म्हणून पीपीई उतरवून बाहेर यावं लागत असेल, तर दाराबाहेर सामान पुरवणारा एक माणूस कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन खाटांमागे एक नर्स वाढवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

वॉर्ड रिकामे करणं

वॉर्डातल्या चांगल्या नर्सेस एकदम उचलल्या की तिथल्या रुग्णाचा श्वास वाढतोय हे उशिरा कळतं, आणि तोच रुग्ण आणखी बिघडून तुमच्याकडे येतो. टप्प्याटप्प्याने घ्या, आणि कितव्या खाटेला कुठल्या वॉर्डातून किती जणी येतील ते आधीच लिहून ठेवा. त्या यादीतल्यांना लाट येण्यापूर्वीच आयसीयूत दोन-तीन ड्युट्या अनुभवी नर्सच्या जोडीने करू द्या. सिरिंज बदलणं, सक्शन (ट्यूबमधला स्राव ओढून काढणं), अलार्म हे तेव्हाच हाताखालून जाऊ दे.

लाट ओसरल्यावर त्यांना आधी सुट्टी द्या. वॉर्डचं रोस्टर त्यानंतर लावा.