घरबसल्या हिमनगाचा माग कसा काढायचा

मी चिपळूणजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. नोव्हेंबर २०२३मध्ये जगातला सर्वांत मोठा हिमनग अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातून बाहेर निघाल्याची बातमी आली, तेव्हा आठवीच्या मुलांना घेऊन मी ए-२३ए या हिमनगाची वही सुरू केली. क्षेत्रफळ जवळपास ४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा थोडं जास्तच. १९८६मध्ये तो अंटार्क्टिकाच्या फिल्शनर आइस शेल्फपासून, म्हणजे किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून, तुटला आणि समुद्राच्या तळाला टेकून तीस वर्षांहून अधिक काळ एका जागी बसून राहिला होता. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे. उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, भरपूर मिळतात. अवघड असते ती ओळख पटवणं: आज दिसतोय तो हिमनग आपण मागच्या आठवड्यात पाहिलेलाच आहे का?

पहिलं काम नावाचं. अमेरिकेचं नॅशनल आइस सेंटर दर आठवड्याला अंटार्क्टिकाच्या मोठ्या हिमनगांची यादी देतं: नाव, लांबी, रुंदी, अक्षांश, रेखांश. लांबी किमान १० सागरी मैल किंवा क्षेत्रफळ किमान २० चौरस सागरी मैल असेल तरच यादीत जागा मिळते. नावातलं पहिलं अक्षर जन्माचा विभाग सांगतं. शून्य ते ९० अंश पश्चिम तो ए, तिथून १८० पर्यंत बी, मग सी, आणि ९० अंश पूर्वेपासून परत शून्यापर्यंत डी. पुढचा आकडा क्रमाचा, आणि तुकडा पडला की शेवटी आणखी एक अक्षर. यादीतले अक्षांश-रेखांश म्हणजे फक्त पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन आपण स्वतः पाहायचं. दक्षिण आणि पश्चिम दोन्हींना उणे चिन्ह द्या. ६० दक्षिण, ४५ पश्चिम ही जागा साउथ ऑर्कनी बेटांजवळ येते, पण चिन्हं विसरलात तर थेट रशियात जाऊन पडाल.

आता नासाचं वर्ल्डव्ह्यू हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा आणि नकाशा अंटार्क्टिकाच्या प्रक्षेपणावर आणा. इथे 'वर म्हणजे उत्तर' हे विसरायचं. ध्रुव मधोमध असतो, त्यामुळे ध्रुवापासून दूर जाणारी प्रत्येक दिशा उत्तरच. आमच्या वहीतल्या पहिल्या दोन नोंदींत दिशा चुकली ती याच कारणाने. मॉडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं ७-२-१ हे रंगमिश्रण निवडलं की बर्फ निळसर-हिरवा दिसतो आणि बरेचसे ढग पांढरे. उंचावरचे बर्फकणांचे ढग मात्र बर्फासारखेच दिसून फसवतात. अशा वेळी आदल्या आणि दुसऱ्या दिवसाचं चित्र लागोपाठ पाहा. ढगाचा आकार बदललेला असतो, हिमनगाची कड बदलत नाही.

हिवाळ्यात तिकडे उजेड कमी आणि ढग जवळजवळ रोजचेच. तेव्हा कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या संकेतस्थळावर सेंटिनेल-१ या उपग्रहाची चित्रं घ्या. हे रडार असल्यामुळे त्याला ना अंधार अडवतो ना ढग. त्यातली 'ईडब्ल्यू' ही पद्धत एका फेरीत ४०० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपते. शांत पाणी काळं आणि हिमनग उजळ दिसतो, पण वारा सुटला की पाणीही उजळतं, आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग वितळून ओला झाला की हिमनगच काळवंडतो. म्हणून मी उजळपणावर कधीच विसंबत नाही, कडेवर विसंबते. एकाच मोजपट्टीची चित्रं छापून घ्या, कड ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने उतरवा, कोपरे आणि खाचा ठळक करा, आणि पुढच्या चित्रावर तो कागद फिरवून जुळवा.

हा कागद फिरवायचा असतो, हे मला एका मुलीने शिकवलं. २०२४मध्ये कित्येक आठवडे ए-२३एचं स्थान जवळपास तेच येत होतं. मला वाटलं, यादी ताजी होत नसावी, म्हणून मी नोंदीच थांबवल्या. ती म्हणाली, "बाई, जागा तीच आहे, पण तो वळलाय." तिचं बरोबर होतं. साउथ ऑर्कनीच्या उत्तरेला समुद्रतळावरच्या पिरी बँक या उंचवट्यावर पाण्याचा एक स्तंभ गोल फिरत राहतो. त्याला टेलर स्तंभ म्हणतात. हिमनग त्यात अडकून रोज सुमारे १५ अंश, घड्याळाच्या उलट दिशेने, जागच्या जागी फिरत होता. २४ दिवसांत एक फेरी! त्या दिवसापासून आमच्या वहीत तारीख, अक्षांश, रेखांश यांच्यासोबत चौथा रकाना आला: लांब बाजू उत्तरेशी किती अंशांचा कोन करते. तुम्ही तो पहिल्याच दिवशी आखा.

अंतर काढताना अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर धरा. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे आक्रसत जातो, ६० अक्षांशावर तो जेमतेम ५६ किलोमीटर भरतो. त्यामुळे नेहमीच्या चौकोनी नकाशावर तिथल्या लांब्या दुपटीने आणि क्षेत्रफळ चौपटीने फुगलेलं दिसतं. नकाशावर पट्टी ठेवू नका, कोपर्निकस ब्राउझरचं मोजायचं साधन वापरा.

जुना प्रवास हवा असेल तर अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संग्रह पाहा. त्यातल्या नोंदी १९७८पर्यंत मागे जातात. तो स्कॅटरोमीटर, म्हणजे समुद्रावरचा वारा मोजणारं रडार, असलेल्या उपग्रहांवरून तयार झालाय आणि त्यांत आपल्या ओशनसॅट-२चीही भर आहे. हे सांगितलं तेव्हा वर्गातली मुलं बाकांवरून उठून फळ्यापाशी आली होती.

सगळ्यात कठीण काळ तुटण्याचा. ए-२३ए डिसेंबर २०२४मध्ये त्या भोवऱ्यातून सुटला, मार्च २०२५मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ उथळ पाण्यात रुतला, मे महिन्याच्या शेवटी पुन्हा निघाला आणि मग त्याचे मोठाले लचके तुटू लागले. अशा वेळी आठवड्याची यादी पुरत नाही. रडारची मिळतील तितकी चित्रं घ्या आणि प्रत्येक तुकड्याची ताजी कड मूळ हिमनगाच्या ट्रेसिंगवर बसवून पाहा. जिथे खाच जुळते, तिथला तो तुकडा. तुकडा ठरलेल्या मापाखाली गेला की यादीतून त्याचं नाव निघून जातं. आम्ही तेव्हा वहीत त्याच्या कडेचा शेवटचा कागद डकवतो आणि रडारवर तो दिसतोय तोवर खाली पेन्सिलने स्थानं लिहीत राहतो.