बासचा ॲम्प स्कोपवर लावताना या चुका टाळा

गाडीतल्या ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) म्हणजे आवाजाची चावी नाही, हे कळायला मला एक सब-वूफर जाळावा लागला. ॲम्प क्लिप होत होता (ताकद संपली की लाटेचे माथे कापले जाऊन चपटे होतात), कानाला तो दणका वाटत होता आणि अर्ध्या तासात बॉक्समधून जळक्या वार्निशचा वास सुटला. मग स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप, घेतला. त्यावरही चुका करता येतातच.

सगळ्यात महागात पडते ती प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या वायरीची, काळी क्लिप. ती मल्टिमीटरची काळी वायर नव्हे. टेबलावरच्या, प्लगवर चालणाऱ्या स्कोपमध्ये ती थेट घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. ब्रिज केलेल्या (दोन चॅनल जोडून एक केलेल्या) ॲम्पच्या मायनस टोकावरही सिग्नल असतो. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींवर तर दोन्हीकडे बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट डीसी बसलेले असतात. तिथे काळी क्लिप लावली आणि गाडी कुठूनतरी अर्थला टेकलेली असली (ऑक्समध्ये लॅपटॉप, लॅपटॉप चार्जिंगला), की आउटपुट शॉर्ट. बॅटरीवरचा स्कोप वापरा. नाहीतर दोन टोकांना दोन प्रोब, दोन्ही काळ्या क्लिपा ॲम्पच्या ग्राउंडला आणि स्कोपच्या मॅथ मेनूत ए वजा बी. प्लगची अर्थ पिन काढायचा जुगाड मात्र करू नका. स्कोपची बॉडीच जिवंत होऊ शकते.

दुसरी चूक हिशेबाची. 4 ओहमवर 500 वॉट म्हणजे 44.7 व्होल्ट आरएमएस (ताकदीच्या हिशेबाचं, मल्टिमीटरवर दिसणारं व्होल्टेज). पण स्क्रीनवर दिसतात शिखरं: शून्यापासून 63, वरपासून खालपर्यंत 126. छोट्या किट-स्कोपला हे झेपत नाही, प्रोब 10 एक्सवर (सिग्नल दहापट लहान करून देणाऱ्या खुणेवर) हवाच. आणि मेनूतही 10 एक्स करा, नाहीतर आकडा दहापट कमी दिसतो आणि तुम्ही गेन पिळत बसता.

टेस्ट टोन 50 हर्ट्झचा घेऊ नका. प्रोब नुसता हवेत धरला तरी घरच्या विजेची 50 हर्ट्झची लाट स्क्रीनवर डुलते, आणि नवखा माणूस तिलाच सिग्नल समजतो. (मी समजलो होतो.) 40 चा टोन घ्या: स्क्रीनवरचं एक घर 5 मिलिसेकंदाचं ठेवलं तर एक लाट बरोबर पाच घरं घेते, विजेची चार.

कपलिंग (सिग्नल स्कोपमध्ये कसा घ्यायचा ती सेटिंग) डीसीवर ठेवा. इतक्या खालच्या फ्रीक्वेन्सीला एसी कपलिंगमध्ये क्लिप झालेला चपटा माथा तिरका होतो आणि नजरेतून निसटतो. क्लास-डी ॲम्पची रेघ जाड, केसाळ दिसते, ते स्विचिंग (असा ॲम्प आतून झपाट्याने चालू-बंद होत चालतो) आहे, क्लिपिंग नव्हे.

आधी स्टिरिओ तपासा, आरसीएवर (स्टिरिओतून ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या वायरींवर). तोच क्लिप होत असेल तर ॲम्पचा गेन कितीही उतरवा, लाट लहान होते पण माथा चपटाच राहतो. बास बूस्ट आणि लाउडनेस बंद. डॅशबोर्डवर बासचा नॉब असेल तर तो मात्र पूर्ण वर, कारण पुढे कोणीतरी तो फिरवणारच. स्पीकर काढून मोजाल तर ॲम्प उशिरा क्लिप होतो, म्हणून थोडी जागा सोडा. स्पीकर जोडून मोजाल तर टोन दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, कॉइल तापते.

इंजिन चालू असताना 14.4 व्होल्ट, बंद असताना 12.6. बऱ्याच ॲम्पची ताकद या फरकाने जवळपास तीस टक्के बदलते. कमी व्होल्टेजवरही क्लिप होऊ नये म्हणून शेवटचं माप मी इंजिन बंद करून घेतो आणि गेनच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावतो. मित्र स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊनच येतात.