गड्ड्याची मिरवणूक 25 वर, माग 100 वर

व्हिडिओ घेताना फोनमध्ये 60 एफपीएस (सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं) दिसलं की बरेच जण तेच ठेवतात. हालचाल जितकी सलग, तितकं चित्र चांगलं, असा समज आहे. क्रिकेटपुरता तो खरा, कारण तिथं चेंडू दिसावा लागतो. पण सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, म्हणजे गड्ड्याच्या, मानाच्या सात काठ्या (नंदीध्वज) 60 वर घेतल्या तर सोहळ्याचं टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण होऊन बसतं. बोलपटांबरोबर 24 फ्रेम रूढ झाल्या आणि सिनेमातली किंचित पुसट हालचाल नजरेच्या सवयीची झाली. 'द हॉबिट' 2012 मध्ये 48 वर दाखवला, तेव्हा सगळं सेटवरचं वाटतं अशी तक्रार अनेकांनी केली.

मिरवणुकीला 25 निवडा आणि शटर, म्हणजे एका फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, 1/50 सेकंदाला कुलूपबंद करा. हा पुसटपणा शटरमुळेच येतो. ऑटोवर सोडलं तर सोलापूरच्या उन्हात फोन शटर 1/2000 पर्यंत नेतो, मग 25 वरही बाराबंदीतली माणसं झटके देत चालल्यासारखी दिसतात. उपाय एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी लेन्सवरची काळसर काच: भर दुपारी, एफ 1.8 (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ 50 (प्रकाशाची संवेदनशीलता) असताना एनडी 64 पुरतो. संध्याकाळी तो काढून ठेवा. कॅमेरा फिरवायचा तर सावकाश. एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सातेक सेकंद लागू द्या, नाहीतर चित्र थरथरतं.

24 किंवा 30 का नको? आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 30 वर 1/60 शटर ठेवलं की ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकू लागतात. 30 वरच घेणं भाग असेल तर शटर 1/100 करा. 24 वर 1/50 चालतं, पण 25 चा मेळ सरळ बसतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केला की 25 मिळतो. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोडमध्ये शोधा.

यंत्रमागावर मात्र जास्त फ्रेम हव्यातच. धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग) मिनिटाला 150 फेऱ्या मारत असेल तर 25 वर एका फेरीला जेमतेम 10 फ्रेम येतात, आणि धोटा नुसती रेघ दिसतो. 100 वर घ्या, शटर 1/100 ठेवा, एडिटिंगमध्ये 25 च्या टाइमलाइनवर चौपट संथ करा: फेरीला 40 फ्रेम मिळतात. इथं 120 नको, कारण शटर 1/120 किंवा त्याहून वेगवान ठेवावं लागतं आणि कारखान्यातले दिवे लुकलुकतात. स्वस्त एलईडी 1/100 वरही त्रास देतात. आधी दहा सेकंदांचं शूट करून बघा.

एडिटिंगला बसण्याआधी फोनची फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेमरेटवर बदलून घ्या. फोनचा फ्रेमरेट मध्येच कमीजास्त होतो आणि लांब क्लिपमध्ये 'हर्र बोला हर्र'चा गजर ओठांच्या पुढेमागे जातो. 30 ची क्लिप 25 मध्ये टाकली तर दर सहावी फ्रेम गळते. काठी डोलताना तो धक्का लगेच जाणवतो.

शेवटी घरचा टीव्ही. सॅमसंगचं पिक्चर क्लॅरिटी, एलजीचं ट्रूमोशन, सोनीचं मोशनफ्लो ही सेटिंगं मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतात. सिनेमाला ती बंद करा किंवा फिल्ममेकर मोड लावा. क्रिकेटला हवी तर राहू द्या.