माळावर समतल चर: आखणीपासून चाऱ्यापर्यंत

मुरमाड उतारावरची माती अडवायची तर चर समपातळीतच हवेत. नजरेने आखू नका, ती हमखास फसवते. सात फुटी दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून दगड बांधलेला दोरा सोडा. या चौकटीचे दोन्ही पाय टेकतील तिथे खुंट्या मारा आणि दोरा पट्टीला लागतो तिथे रेघ ओढा. पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघांचा मध्य म्हणजे समपातळी: दोरा त्या मध्यावर आला की दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर दगड जड घ्या.

काम माथ्यापासून सुरू करा. वरचं पाणी मोकळं राहिलं तर खालचे चर टिकत नाहीत. चर 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. माती उताराच्या खालच्या अंगाला टाका, हाच भराव, पण काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. मधूनमधून हातभर पट्टा न खोदता ठेवा. आखणीत थोडी चूक असली तरी सगळं पाणी एका टोकाला जाऊन भराव फोडत नाही. ओघळीपाशी चर थांबवा.

भरावावर हॅमाटा स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक पेरा. बियांचं कवच टणक असतं, म्हणून पाणी 80 अंशांपर्यंत तापवून त्यात बी 4-5 मिनिटं ठेवा, मग सावलीत सुकवा. खोल पेरू नका. पहिलं वर्ष शेळ्या सोडायच्या नाहीत, कापूनच घाला. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. उन्हाळ्यात चरातला गाळ उपसून भरावावर चढवा.